तुळईला कान

उखा सुताराने गाडीवरच्या तुळईवर थाप मारली. "देख माय, आरसानागत शे."

तुळई खरंच आरशासारखी होती. बारा हात लांब, सरळ, तेलाने तुकतुकीत. तिच्या शेजारी गाडीत दुसरी एक पडली होती; धुळकट, मध्ये थोडी वाकलेली. तिच्याकडे उखा बघत नव्हता.

बैल सोडलेले होते. ब्राह्मणपुरीच्या त्या अंगणात चैत्रातली दुपार इतकी स्थिर होती, की कडुनिंबाचा मोहोर पडताना दिसत होता, ऐकू येत नव्हता.

जमनाबाईने घरात बघितलं. मधल्या खोलीत वाळवीने पोखरलेली जुनी तुळई एका टेकूवर थांबली होती. तिच्यावर धाब्याच्या छताची हातभर माती. टेकूशेजारी बाज. तिच्या सुनेला, गजराबाईला, आठवा संपत आला होता आणि बाळंतपण त्याच बाजेवर व्हायचं होतं.

"गजरा, तू मांगला टोकले जाय," जमनाबाई म्हणाली. "नख मार. हळूच."

"नख कसाले, माय?" उखा गाडीच्या कडेवर चढून बसला आणि पाय खाली सोडून हसला. "तुळईले काय उवा पडन्यात का?"

जमनाबाईने पुढच्या टोकाला उजवा कान लावला, डाव्या कानात बोट घातलं आणि डोळे मिटले. लाकूड धड असेल तर बारा हातांवरचं नख अगदी कानाशी ओरखडतं. तेच नख हवेतून दोन हातांवरही ऐकू येत नाही.

गजराबाई मागे नख ओढत होती, पण काही आलं नाही. विहिरीत वाकून बघावं आणि पाणी दिसू नये, तसं झालं.

मग टक् झालं. पुन्हा टक्.

"उखा, पाय वर ले," ती डोळे न उघडता म्हणाली. "हाई नख नही शे. तुन्ही टाच शे."

गजराबाईने पदर तोंडावर धरला. उखाने पाय वर घेऊन मांडी घातली.

आता पुन्हा ती शांतता. तिच्या तळाशी अगदी बारीक करकर चालली होती. दूर कुणीतरी शिळी भाकरी चावतंय, घाई नाही. जमनाबाईने तुळईच्या खालच्या अंगावरून बोट फिरवत नेलं. एका जागी बोट चिकटलं. तिथे तिने नखाने टोकरलं. लाखेचा आणि भुशाचा बोळा निघून आला आणि मागून पिठासारखी बारीक भुकटी तिच्या तळहातावर सांडली.

"हाऊ आरसा का, दादा?"

"एखादं भोक ऱ्हास, माय. शहादाले साहेबना बंगलाम्हा मन्हीच तुळई शे. इचार कोनलेबी."

"तठे मन्ही सून झोपस का?"

जमनाबाईने फुंकर मारली. भुकटी उन्हात जरा वेळ तरंगत राहिली.

"ती दुसरी," ती म्हणाली.

"ती सारंगखेडाले द्यानी शे. वाकडी शे, माय. गोठाना कामनी." त्याने दोर उचलला आणि वाकड्या तुळईला एक वेढा दिलासुद्धा. पण जमनाबाईचा कान तिला लागलेला होता, म्हणून दुसरा वेढा देता येईना.

या लाकडात आत गार होतं. सुरुवातीला तिला नुसता एक विस्तार ऐकू आला. डोंगरात खूप आत उभं राहावं आणि पानं हलतायत की पाणी वाहतंय ते कळू नये, तसा. त्यात कुणी काही चावत नव्हतं. दुपार, अंगण, उखा सगळं लांब गेलं. ती वाट बघत राहिली.

मग पलीकडून ठोका आला. मऊ, एकच. थोड्या वेळाने दुसरा.

जमनाबाईच्या कपाळाला आठी पडली. "नख मार म्हनं ना तुले. ठोकी कसाले ऱ्हायनी?"

"मी आजून नख मारंच नही, आत्याबाई," गजराबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात कमरेवर होते. उभं राहून पाठ भरून आली होती, म्हणून ती पुढे वाकली होती आणि तुळईचं टोक तिच्या पोटाला टेकलं होतं.

उखाने आपल्या पायांकडे बघितलं. मांडी घातलेलीच होती.

"दोर सोड, उखा," जमनाबाई म्हणाली. "हाई आठेच ऱ्हाई."

त्याने वेढा सोडला. तिने कान काढला नाही. ठोका पुन्हा आला; नखापेक्षा जड, सुताराच्या पायापेक्षा पुष्कळ हलका.

"टाचच शे," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "पन उखानी नही शे."