झेर्बोवरचं वजन

लोखंडी पातेलं आणायला रेका स्वयंपाकघरात गेली आणि परत पडवीत येते तो काय, सासूबाई तिच्या केकवर बसलेल्या.

बसलेल्या म्हणजे चांगल्या ऐसपैस, फरच्या कोटासकट, बूट काढायला. त्यांची तरी काय चूक? भट्टीतून काढलेला हा थरांचा केक, झेर्बो, रेकाने बाकावर निवत ठेवला होता. उलटा, म्हणजे सपाट बाजू वर यावी. त्यावर कणीक मळायचा पाट, पाटावर घडी घातलेला पंचा. कुणालाही वाटावं, सुनेने आपल्यासाठी बैठक मांडलीय.

"बरं झालं आलीस. ओढ गं जरा हा बूट," गिझेलाबाई म्हणाल्या.

वजन म्हणून पाटावर ठेवायचं पातेलं रेकाच्या हातात तसंच राहिलं. चार पोळ्या. मध्ये अक्रोडाची पूड आणि जर्दाळूचा मुरांबा. पहाटेपासून लाटलेल्या, एकीलाही भोक नाही. नाताळचा झेर्बो या घरात आजवर सासूबाईंनीच केलेला. यंदा त्यांचं मनगट धरलं म्हणून रेकाचा नंबर लागला, आणि तोही अर्धाच. कारण सासूबाईंच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता.

"हा होय? हा माझा. मनगट बांधून केला. वरचं चॉकलेट तेवढं ओतायचं राहिलंय. म्हटलं, तुझा बिघडला तर ऐनवेळी काय खायचं सगळ्यांनी?"

आता सासूला 'आई, तुम्ही केकवर बसलाय' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं तर तो डबा उघडणार. रेकाने नवऱ्याकडे पाहिलं. तिहामेर दारात आला होता. त्याने आई पाहिली, आईखालची पाटाची कड पाहिली आणि आल्या पावली ख्रिसमसचं झाड सरळ करायला गेला. झाड सरळच होतं.

"झेर्बोत सगळी गंमत दाबाची," गिझेलाबाई म्हणाल्या आणि आणखी ठासून बसल्या. "पोळ्या सुटल्या की संपलं. पोळी हातात, अक्रोड मांडीवर. माझाही सुटतो थोडा, खोटं कशाला बोलू? काहीही ठेवा वर, वजन पुरत नाही मेलं." मग जरा थांबून, "काय गं, हा बाक इतका उबदार कसा?"

"ऊन येतं, आई."

"छान येतं हो." दुसऱ्या बुटाची त्यांनी मुळीच घाई केली नाही. शेजारणीचा नवा जावई, पाद्रीबाबांचा खोकला, माशाचे काटे, सगळं तिथेच बसून सांगून झालं.

त्या आत गेल्यावर रेकाने डोळे मिटून पाट उचलला. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि गुपचूप चॉकलेट वितळवायला ठेवलं.

संध्याकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून तिने पहिली वडी कापली. गिझेलाबाईंनी ती दिव्याजवळ धरली, आडवी केली, चक्क हलवून पाहिली. भुगासुद्धा पडला नाही.

"अगं, हे काय केलंयस तू!" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एक थर हलला नाही. माझ्या आईचाही असा नव्हता. वर ठेवलं होतंस तरी काय?"

तिहामेरला ठसका लागला.

"होतं... घरातलंच," रेका म्हणाली.

"जड?"

"बऱ्यापैकी."

गिझेलाबाई चावायच्या थांबल्या. त्यांनी खिडकीतून पडवीकडे पाहिलं. बाहेर दिवसभराचं धुकं अजून तसंच होतं. "ऊन म्हणे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि दुसरी वडी घेतली. मग तिसरी.

डब्याचं झाकण त्यांनी उघडलं ते थेट निघताना, पडवीत. आपला झेर्बो कागदासकट बाकावर उलटा ठेवला. त्यावर पाट. पाटावर पंचा, चारी कोपरे नीट जुळवून. मग कोट सावरून त्या वर बसल्या, थोड्या डावीकडे सरकल्या, थोड्या उजवीकडे.

"तिहामेर, माझे बूट आण रे," त्यांनी हाक मारली. "सावकाश आण. घाई नाही."