आक्रा, दोन बोटं पुढे

"अदिस अबाबापर्यंतच काढ गं. तिथून जाईल ती बसने," दमयंतीवहिनी पर्सची चेन ओढत म्हणाल्या. "आफ्रिकाच तर आहे सगळी!"

मैमुनाची बोटं कीबोर्डवर थांबली. जेद्दाच्या अल अझीझियातल्या या तिकिटांच्या दुकानात रत्नागिरीच्या या पोरीला सहा वर्षं झाली होती, पण असली बस तिने कधी ऐकली नव्हती. वहिनींच्या मागे आकोसुआ उभी होती. तीन वर्षं त्यांची लेक सांभाळून आता कायमची घरी निघालेली. घर घानात, आक्रा शहरात. आणि घरापर्यंतचं तिकीट वहिनींच्या यजमानांनी, डॉक्टरसाहेबांनी द्यायचं, असं करारातच होतं.

"वहिनी, अदिसहून आक्राला विमानानेच साडेपाच तास लागतात. चार हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे. बस कसली घेऊन बसलात?"

"काहीतरीच तुझं!"

"मैमुना," आतल्या केबिनमधून इब्राहीमशेठ ओरडले, "गिऱ्हाईक सांगेल ते काढ. यल्ला, चल लवकर!"

डॉक्टरांच्या अख्ख्या हॉस्पिटलची तिकिटं इथूनच जायची, आणि मैमुनाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, शेठच्या एका शब्दावर होता. गप्प बसावं हे तिलाही कळत होतं. पण डोकं सणकलं ते सणकलंच.

भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर जेद्दा ते मुंबई असा लाल दोरा दोन टाचण्यांनी ताणलेला होता. आपल्याकडचं कुणीही दुकानात आलं की आधी त्या दोऱ्यावरून बोट फिरवायचं, मगच खुर्ची ओढायचं. वहिनीसुद्धा दर सुट्टीला फिरवायच्या. मैमुना उठली आणि तिने दोन्ही टाचण्या उपटल्या.

"अगं, हे काय?"

"आकोसुआ, ये इकडे. तुझं आक्रा दाखव."

आकोसुआने पुढे येऊन नकाशावर बोट टेकवलं. मैमुनाने दोऱ्याचं एक टोक अदिसवर टाचलं आणि दुसरं ताणत पश्चिमेला नेलं. बोटापर्यंत ते पोचलंच नाही. दोन बोटं अलीकडे दोरा संपला.

"बघा. एवढ्या दोऱ्यात जेद्दाहून आपली मुंबई येते. हिचं घर अजून पुढेच आहे. जूनमधलं तुमचं पुण्याचं तिकीट माझ्याकडेच आहे ना? तेही मस्कतपर्यंतच करते. तिथून जा बसने. आशियाच तर आहे सगळी!"

वहिनींचा चेहरा लालभडक झाला. "इब्राहीमभाई, ऐकताय ना हिची जीभ?"

शेठ केबिनच्या दारात येऊन उभे होते. मैमुना त्यांच्याकडे वळली.

"शेठ, कामावरून काढायचं असेल तर आजच काढा. अदिसचं तिकीट मी करणार नाही."

शेठ नुसते नकाशाकडे बघत राहिले. मग आकोसुआ बोलली, ज्या मराठीत ती वहिनींच्या लेकीला रोज वरणभात भरवायची त्याच मराठीत.

"वहिनी, मला माझ्या घरापर्यंतचं तिकीट द्या. ते माझं आहे."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग पर्सची चेन उगाच उघडली, पुन्हा लावली.

"कर बाई आक्राचं," त्या पुटपुटल्या.

मैमुना खुर्चीत बसली. प्रिंटर घरघरला. तिकिटाचा कागद हातात पडेपर्यंत आकोसुआने नकाशावरचं बोट उचललं नाही.