भट्टीकडची खिडकी

“धूर किती दिवस असतो इथं?” दिनेशने विचारलं.

हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, आणि गोरक्षचं उत्तर पाठ होतं. “फार नाही हो. थंडीत सकाळी जरासा. वारा फिरला की गेला.”

दिनेशचा चेहरा पडला. “एवढाच?”

बारा वर्षं घरांची एजंटगिरी करणारा गोरक्ष पहिल्यांदाच गोंधळला. शहराबाहेरच्या वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. दिवाळीनंतर पेटतात, आणि मग थंडीचे चार महिने धूर छपरांवर बसून राहतो. म्हणून तो घरं श्रावणात दाखवायचा. सगळीकडे हिरवंगार, आकाश धुतलेलं. दिवाळी झाली की भाडेकरू त्याला फोनवर शिव्या घालत, पण घर सोडून जात नसत. कुणाची नोकरी जवळ, कुणाच्या पोरांची शाळा, कुणाला या भाड्यात दोन खोल्या दुसरीकडे मिळायच्या नाहीत. वर पाहुण्यांना तेच सांगत, “बाकीचे आठ महिने हवा काय झकास असते!” माणूस कशासाठी खोकायला तयार होतो, हे गोरक्ष चेहऱ्यावरून ओळखायचा.

या गिऱ्हाइकाचं मात्र त्याला कळेना. भर डिसेंबरात घर बघायला आलेलं.

“घर माझ्या एकट्यासाठी नाही,” दिनेश म्हणाला. “सासूबाई आहेत बरोबर. पेठ तालुक्यातल्या. छातीचा त्रास आहे. शहरात मोठे डॉक्टर जवळ.”

रिक्षातून फुलाबाई उतरली. लुगड्याचा पदर तोंडाला लावून खोकत होती. खोकला असा की गोरक्षच्याच बरगड्या दुखल्या.

“मावशी, तुम्हाला पुढच्या गल्लीतलं घर दाखवतो,” तो म्हणाला. “तिथं झाडं आहेत.”

“नको,” दिनेश घाईने म्हणाला. “हेच. वरचा मजला. खिडकी भट्टीकडे उघडते ना?”

“उघडते. पण—”

“झालं तर.”

जिना उंच होता. फुलाबाई खोकत खोकत आधी चढली. दिनेश कठडा धरून, दोनदा थांबून, सगळ्यात शेवटी वर पोचला. फोनवर ओझरकडे नोकरी आहे म्हणाला होता; दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, गोरक्षने मनात नोंद केली.

फुलाबाईने खिडकी उघडली. राखाडी धूर सरळ आत आला. तिने नाक वर करून हुंगलं.

“कोळसा नाय,” ती म्हणाली. “भुसा जाळतात. ओला हाय.”

“सासूबाई, तुम्ही याच खोलीत झोपायचं,” दिनेश म्हणाला. “मीही इथंच राहणार. तुमची सेवा दुसरं कोण करणार?”

“तूच रं बाबा,” फुलाबाई म्हणाली, आणि पुन्हा खोकायला लागली.

बाहेरच्या खोलीत गोरक्षने आवाज खाली आणला. “मावशींना मुलगा नाही?”

“एकच मुलगी होती. माझी बायको. दोन वर्षं झाली जाऊन.”

“अरेरे. आणि पेठला घरदार, जमीन?”

“आहे थोडी. रस्त्याला लागून.” दिनेश हसला. “त्यांच्या मागं मीच. करार अकरा महिन्यांचाच करावा लागतो का हो? आम्हाला होळीपर्यंत पुरे.”

गोरक्षने बोटांवर महिने मोजले. होळीपर्यंत. म्हणजे धुराचेच महिने तेवढे.

दिनेश आधार कार्डांची झेरॉक्स काढायला खाली गेला. पावलं जिन्यावरून हळूहळू उतरत गेली. गोरक्ष दारात उभा राहिला. आत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. कमिशन पक्कं होतं. तोंड बंद ठेवायचं आणि सही घ्यायची, एवढंच काम. पण आजवर धुराबद्दल तो खोटं बोलला ते जगायला आलेल्या माणसांशी. हे प्रकरण वेगळं होतं.

तो आत जाऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

“मावशी, तुम्ही मला आईसारख्या. हे घर घेऊ नका.”

“का रं? भाडं वाढवतोस काय?”

“चेष्टा नको. मी धुराबद्दल खोटं बोललो. इथं चार महिने श्वास घेववत नाही. मागच्या थंडीत खालच्या मजल्यावरच्या आजोबांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. आणि तुमच्या जावयाला हे सगळं पाहिजेच आहे. खिडकीसुद्धा त्याने बघून घेतली. समजतंय का मी काय म्हणतो ते?”

खोकला थांबला. नळ बंद करावा तसा.

फुलाबाईने पदर खाली घेतला. चेहरा शांत होता, श्वास सरळ.

“समजतंय,” ती म्हणाली. “माझी ललिता त्यानं अशीच ठेवली व्हती. अशीच खिडकी. पोटुशी बाई. एकच हिवाळा टिकली.”

“अहो, मग उठा! मी बस स्टँडवर सोडतो तुम्हाला. आत्ता.”

“बस खाली. तू बरा माणूस हायस.” तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात दगडासारखा कडक होता. “मी आठ वर्सांची असल्यापास्नं भट्टीवर विटा थापल्या. धुरात जेवले, धुरात लेक जन्माला घातली. मला काय व्हतंय?”

खाली फाटक वाजलं. जिन्यावर पावलं चढू लागली, मध्येच थांबली.

गोरक्षने जिन्याकडे पाहिलं. “पण मग डॉक्टर?”

“दिवाळीला दवाखान्यात दोघांच्या छातीचे फोटो काढले. आणायला मी एकलीच गेले व्हते,” फुलाबाई हळूच म्हणाली. “डाक्तर बोलला, एकाची छाती पार गेलीय, धुरापासून जपा, नायतर हिवाळा निघायचा नाय. कुणाची, ते जावयाला मी उलटं सांगितलंय.”