एझ्रा पेनिमनचे कागद

"आज तुझं काहीतरी वाजवू दे ना," ल्यूसिंडा आरशासमोर कानातलं अडकवत म्हणाली. "शेवटची मैफल आहे माझी."

तिचा नवरा वेंडेल तिचे बूट पुसत होता. "माझं उरलंय काय? तूच म्हणालीस, शेगडीत घाल. घातलं."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याची रचना ऐकून ती म्हणाली होती, "याला सुरांचं गणित येतं, जीव ओतता येत नाही." तेही चारचौघांत, त्याच्याच आईने केलेला ॲपल पाय खाता खाता. वेंडेलने लिहिणं सोडलं आणि मैफलीत ती पियानो वाजवताना तिच्याशेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायला घेतली. ही सल तिच्या मनातून कधी गेली नाही.

नाव मात्र तिने भरपूर कमावलं. युरोपातल्या थोरामोठ्यांना बाजूला सारून ती आपल्याच देशातल्या, ज्यांना कुत्रंही विचारत नव्हतं, अशा रचनाकारांसाठी भांडत राहिली. त्यांतला सगळ्यात लाडका एझ्रा पेनिमन, ओहायोतल्या एका चर्चमधला कधीच वारलेला ऑर्गनवादक. त्याच्या रचनांच्या कागदांनी भरलेली पेटी वेंडेललाच चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली होती, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. कागद उंदरांनी कुरतडलेले, म्हणून त्याने सगळं स्वच्छ उतरवून दिलं. पेनिमनने तिला क्लीव्हलंडहून थेट न्यूयॉर्कला नेलं.

"पानं उलटायला दुसरं कुणी घे," ल्यूसिंडाची बहीण म्हणाली होती. तिचंही खरंच होतं. वेंडेल हल्ली शेजाऱ्यांची नावं विसरे, काय बोलायचं आणि काय नाही तेही विसरे. पण त्याला घरी ठेवणं ल्यूसिंडाच्या जिवावर आलं.

रविवारची दुपार, सभागृह गच्च. त्याने एकही पान चुकवलं नाही. तिने मान हलवायच्या आधीच पान उलटलेलं असे. वाजवताना तिला राहून राहून वाटत होतं, देशभराच्या लोकांचं वाजवलं, याचंच तेवढं राहिलं.

शेवटची रचना पेनिमनची होती; ती संपली आणि टाळ्या सुरू झाल्या. रचनाकार हयात असला की तो उठून वाकतो. नसला, तर वाजवणारा त्याचे कागद उंच धरतो. पानं उलटणाऱ्याने जागचं हलायचं नसतं. ल्यूसिंडाने पेनिमनचे कागद उंच धरले.

वेंडेल उठला. छातीवर हात ठेवून सावकाश वाकला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"अरे, बस खाली," ती कुजबुजली. "टाळ्या पेनिमनला आहेत."

"हो ना," तो म्हणाला आणि पुन्हा वाकला. "पण शेवट काही मला मनासारखा जमला नाही, ल्यूसी. तेवढा उंदरांनी खाल्ला, असं सांगायला हवं होतं मी तुला."