सतरा नंबरचं मीठ

प्रयोगाला खर्च काहीच नव्हता: एक वाटी, तिच्यावर ताणून बसवलेला फुगा आणि त्यावर चिमूटभर मीठ. मिळकत मात्र घसघशीत. तपासणीला आलेले साहेब खूश झाले, की विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापिका होणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"हजेरीच्या क्रमानं या. फुंकर मारायची नाही, लांबूनच ओरडायचं. ज्याच्या आवाजानं मीठ जास्त उडेल, तो जिंकला!"

पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. सोळा नंबर जीव खाऊन केकाटला, तरी चारच दाणे हलले.

"काय रे, डबा विसरलास की काय?" बाई म्हणाल्या. साहेबही हसले.

"हं, सतरा!" बाई सवयीनं बोलून गेल्या.

वर्ग चिडीचूप झाला. सतरा नंबरची मुलगी गेल्याच महिन्यात वारली होती. त्या दिवशी, छातीत दुखतंय, असं तिनं याच तासाला तीनदा हळूच सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा बाई फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या होत्या, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही."

 

टेबलाजवळ कुणीच नव्हतं, तरी मीठ उडालं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाटीवर एक दाणासुद्धा उरला नाही.