उजवा पंख

“असलं विकायला लाज कशी वाटत नाही तुम्हाला?” डार्लीन टेबलाशी येऊन उभी राहिली ती भांडायच्या तयारीनेच.

टेबलामागच्या माणसाने कॉफीचा कप खाली ठेवला. चाळिशीचा असेल. ओहायोतल्या या युद्धवस्तूंच्या बाजारात तिने त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पुढ्यात जुने बूट, एक होकायंत्र आणि वैमानिकाच्या चांदीच्या, दोन पंखांच्या बिल्ल्याचा अर्धा तुकडा. उजवा पंख.

“खरा आहे, मॅडम.”

“खरा म्हणे! खरे अर्धे कुठून येतात, ठाऊक तरी आहे?”

उत्तराची वाट न बघता ती सुरू झाली. महायुद्धात वैमानिक झालेली पोरं छातीवर लागलेला पहिलावहिला बिल्ला मधोमध तोडायची. एक अर्धा स्वतःजवळ, दुसरा जिवाभावाच्या माणसाकडे. वैमानिक जिवंत आहे तोवर दोन्ही अर्धे एकत्र येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर अपशकुन. तो गेल्यावरच ते जुळवायचे. आता या गोष्टीला गिऱ्हाईक मिळतं म्हटल्यावर चोर लोक धडधाकट बिल्ले करवतीने कापायला लागले होते. ते पाहिलं की डार्लीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिने आयुष्यभर हे बिल्लेच गोळा केले होते. पिन कशी, पिसांच्या रेषा किती धारदार, एवढ्यावरून ती कारखाना ओळखायची. या वेडाचं मूळ घरातच होतं. चव्वेचाळीस साली तिच्या वडिलांचं विमान उत्तर समुद्रात पडलं. तेव्हा ती आईच्या पोटात होती. प्रेतही हाती लागलं नाही. वडिलांचा अर्धा त्यांच्याबरोबर बुडाला, डावा आईच्या गळ्यात राहिला. आईने, रोझेलाने, दुसरं लग्न केलं नाही, माणसं मागे लागली तरी नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि साखळी लेकीच्या गळ्यात आली.

“मी कुठे काही गोष्ट सांगितली?” माणूस म्हणाला. “सगळं तुम्हीच सांगताय.”

“वर तोंड करून बोलताय! थांबा, खरी कड कशी असते ते दाखवतेच.” तिने साखळी काढली. “ही बघा. पकडीत धरून, वाकवून तोडलेली. आणि ही तुमची करवतीची...”

तिने आपला अर्धा त्याच्या तुकड्याशेजारी आपटला. त्याची कड सरळ नव्हती. तिने आपला जरा सरकवला. दातात दात बसले. दोन पंखांमधली ढाल पुरी झाली. तिने दोन्ही उलटे केले. मागचा चांदीच्या शुद्धतेचा शिक्काही, निम्मा इकडे निम्मा तिकडे, अख्खा झाला.

डार्लीनने दोन्ही तुकडे मुठीत आवळले. मग राग दुपटीने उसळला.

“कुठून चोरलात? किनाऱ्याला लागलेलं प्रेत लुटलंत? माझा बाप आहे तो!”

“तोंड सांभाळून बोला, बाई!” आता तोही भडकला. “चोरतोय कशाला? माझ्या वडिलांचा आहे. ‘मी जिवंत आहे तोवर हा घराबाहेर काढायचा नाही,’ असं सारखं बजावायचे. गेल्या महिन्यात त्यांना पुरलं, म्हणून आणला.”