उशीर शुल्काची खिडकी

रांगेत एकोणीस माणसं होती. खिडक्या चार, उघडी एक. पंखे तीन, फिरणारा एकही नाही. तराजूने आधी हे सगळं मोजलं आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. माणशी तीन मिनिटं धरली तर चारनंतर थोड्याच वेळात तिचा नंबर लागायला हवा होता.

तराजू हे नाव तिला वर्गातल्या पोरांनी ठेवलं होतं. प्रयोगशाळेत बाकीचे चिमूटभर पावडर अंदाजपंचे टाकत. ही तिसऱ्या दशांशापर्यंत वजन जुळल्याशिवाय हात काढत नसे. म्हणून तर तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने, चिमणीने, डोळे मिटून पैसे तिच्या हवाली केले होते.

चिमणीची फी भरायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मुदत उलटली की ऑनलाइन भरणा बंद. मग उशीर शुल्कासकट रोख रक्कम, तीही याच खिडकीवर. मामाने हो-नाही करत आज सकाळी पैसे पाठवले, तेव्हा चिमणी गावी होती, हॉस्पिटलात, आईच्या ऑपरेशनसाठी.

फोन वाजला.

“आईला आत नेलं गं,” चिमणी म्हणाली. “तिकडे काय?”

“रांग आहे. चारपर्यंत होईल.”

“पाचला नाव कटतं, लक्षात आहे ना? ही सूक्ष्मजीव प्रयोगशाळा हातची गेली की शिष्यवृत्तीही गेली. मग मी आहे आणि घरची भांडी आहेत.”

“तू आईकडे बघ. इथलं मी बघते.”

“तू आहेस म्हणून निवांत आहे बाई. मी असते तर घोळ घातला असता.”

तराजूच्या मागे एक आजोबा काठी टेकून उभे होते. एका पायाला पट्टी. तिने त्यांना आपल्या पुढे घेतलं.

“नातवाची फी भरायला आलोय,” ते म्हणाले. “त्याला रांगेत उभं राहायची लाज वाटते. नापास व्हायची वाटत नाही.”

चार वाजून दहा मिनिटांनी ती खिडकीशी पोचली. चष्मा कपाळावर चढवलेल्या कारकूनबाईंनी रोल नंबर विचारला, नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या आणि कागद पुढे सरकवला.

“इथे सही करा.”

तराजूने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“मॅडम, ही मी नाही. मी हिची मैत्रीण.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “मग कशाला बोललात? आता मला अधिकारपत्र मागावं लागणार.”

“खोटी सही कशी करू?”

“हरिश्चंद्राची नात आली बघा,” मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

बाईंनी नोटा परत केल्या. “तिच्या सहीचं पत्र आणा, पाचच्या आत. पाचला यंत्रच नाव काढून टाकतं, तिथे माझं काही चालत नाही. विषय सोडल्यात जमा. आधीच्या हप्त्यातले चाळीस टक्के दंडात, आणि जागा पुढच्याला.”

चिमणीने हॉस्पिटलच्या औषधांच्या कागदामागे चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि फोटो पाठवला. तराजूने तो मोठा करून वाचला.

“तारीख कालची पडलीये.”

“अगं, कोण बघतंय तारीख!”

“परत पाठवलं तर? दुसरं लिही.”

दुसरं आलं. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे तिने त्याची छापील प्रत काढली. पहिली जरा तिरकी आली, म्हणून आणखी एक काढली. ती परतली तेव्हा चार पस्तीस झाले होते आणि रांगेत चौदा माणसं होती. ती पंधरावी उभी राहिली.

“घुस ना पुढे!” चिमणी फोनवर ओरडली. “सांग त्यांना, आत्ताच खिडकीवर होतीस म्हणून!”

“रांग म्हणजे रांग. लोक अंगावर येतील.”

“देवा! माझंच नशीब फुटकं. तू इतकी सरळ नसतीस ना, तर आतापर्यंत माझी फी भरून झाली असती.”

पाच वाजता खिडकीचं दार खाली आलं. तराजूच्या पुढे तेव्हा पाच जण उरले होते. एकाने दारावर थाप मारली, एकाने विद्यापीठाचा उद्धार केला.

तिने फोन लावला. “पाचच माणसं राहिली होती गं.”

पलीकडे कुठेतरी चाकांचा खडखडाट ऐकू येत होता.

“आई शुद्धीवर आली,” चिमणी म्हणाली. “पहिलं काय विचारलं माहितीये? फी भरली का.”

“मग?”

“भरली म्हणून सांगितलं.” तिने नाक ओढलं. “तू मनाला लावून घेऊ नकोस हं. दिवसभर उपाशी उभी होतीस माझ्यापायी. जा, काहीतरी खा आधी.”

“बघते,” तराजू म्हणाली.

रांग पांगली. तराजू भिंतीकडच्या बाकावर बसून राहिली. दहा मिनिटांनी शेजारची खिडकी उघडली आणि त्याच बाईंनी डोकं बाहेर काढलं.

“सूक्ष्मजीव प्रयोगशाळा. एक जागा रिकामी झालीये. प्रतीक्षा यादीत पहिलं कोण?”

तराजू उठली. बॅगेच्या आतल्या कप्प्यातून तिने दुसरं पाकीट काढलं आणि ओळखपत्रासोबत आत सरकवलं. बाईंनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि नोटा मोजायला घेतल्या. रक्कम बरोबर भरली. पावतीवर उशीर शुल्काच्या रकान्यात शून्य होतं.